लेकीचं घर

ईसानच्या खेड्यातल्या लग्नात नवरदेव वाजतगाजत मुलीच्या दारी येतो. इथवर आपल्याला काही नवल वाटत नाही. वाटेत मुलीकडची पोरंसोरं सोन्याची, चांदीची साखळी आडवी धरून त्याला अडवतात आणि पाकिटं घेतल्याशिवाय सोडत नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी केळीच्या पानाने झाकलेल्या दगडावर तो उभा राहतो, मुलीकडचं कुणी धाकटं त्याचे पाय धुतं. वर गेल्यावर मुलाकडून आलेली रक्कम ताटात उघडी मांडतात. ती मुलीच्या आईवडिलांना द्यायची असते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका ती सगळ्यांदेखत मोजून घेतात. मग गावातला एखादा जाणता म्हातारा मंत्र म्हणतो, नवरानवरीच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले जातात, पंगती उठतात. खरा फरक पाहुणे पांगल्यावर कळतो. मुलगी कुठेच जात नाही. घर सोडून आलेला असतो तो मुलगा. मुलीच्या आईचा हुंदका, गाडीच्या खिडकीतून मागे वळून पाहणारी नवरी, आपल्या लग्नाचा हा सगळा शेवटचा अंक तिथे नाहीच.

ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. वीस प्रांत, देशाचा जवळपास एक तृतीयांश मुलूख आणि तेवढीच माणसं. मून आणि ची या नद्यांचं खोरं असलेलं हे कोरातचं पठार रेताड आहे, बऱ्याच ठिकाणी खारट आहे, आणि शेती बहुतेक पावसावरची. लोकांची बोली लाओ, जेवण चिकट भाताचं. बँकॉकच्या मध्यमवर्गाने या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या अडाणी ठरवलं आणि त्याच वेळी आपली घरं, कारखाने, टॅक्स्या त्याच्याच माणसांकडून चालवून घेतल्या. गेली बरीच वर्षं मी भातकापणीच्या दिवसांत, कधी उन्हाळ्याच्या तोंडाशी, रोइ-एत प्रांतातल्या एका गावी जाऊन राहते. हातमागाच्या कामातून झालेली ओळख आता घरोब्याची झाली आहे. ज्या घरी उतरते तिथल्या आजीला सगळे ‘याय’ म्हणतात. याय म्हणजे आईची आई. तिथल्या घरांत हीच आजी अधिक भेटते, हेही त्या रीतीचंच फळ.

रीत साधारण अशी चालत आली. थोरल्या मुलीचं लग्न झालं की जावई सासऱ्याच्या घरी राहायला येतो आणि त्याच्या शेतात राबतो. काही वर्षांनी दुसऱ्या मुलीच्या लग्नाची वेळ येते तेव्हा थोरलं जोडपं त्याच आवारात किंवा जवळपास वेगळं घर बांधतं. असं करत करत शेवटी धाकटी मुलगी उरते. मूळ घर तिचं, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायचं तिनेच, आणि त्यांच्या माघारी घराखालची जमीनही तिची. मुलगे आपापल्या सासरी गेलेले असतात. त्यांच्या वाट्याला बहुधा गुरं, पैसा, लग्नात द्यायची रक्कम. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स कायझ १९६०च्या दशकात महासारखाम प्रांतातल्या एका खेड्यात राहिले होते. ही व्यवस्था त्यांनी बारकाईने लिहून ठेवली आहे. जुन्या लाकडी घरांत पूर्वजांची एक खोली असे आणि जावयाने तिच्यात पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. घरात राहायचं, राबायचं, पण त्या घराचे पितर आपले नव्हेत, हे जावयाला उंबऱ्यावरच कळत असे. आपल्याकडे हे शिक्षण सुनेला मिळतं.

त्यामुळे तिथल्या बाईला माहेर नाही. तिचं आयुष्य दोन घरांत चिरलेलं नाही. बाळंतपणात आई शेजारी असते. नवऱ्याने हात उगारला तर ओसरीवर भाऊ नसला तरी मावशा, बहिणी, आई हाकेच्या अंतरावर असतात, आणि भांडण विकोपाला गेलं तर बोचकं बांधून निघतो तो पुरुष. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट, माहेरचा रस्ता, सासूचा जाच यांचा केवढा डोंगर साचला आहे! तो कविता म्हणून आपल्याला प्रिय आहे, मलाही आहे. पण ईसानच्या अंगणात बसून त्या आठवताना मला सारखं वाटतं की इतकं सुंदर दुःख ज्या रिवाजाने आपल्या बायकांच्या माथी मारलं, तो रिवाज काही निसर्गाचा नियम नव्हता. दोन्हीकडे भातशेती, दोन्हीकडे पावसाचा भरवसा नाही, दोन्हीकडे आईबाप लेकीवर जीव टाकतात. तरी एका ठिकाणी लेक घराची धनीण झाली आणि दुसरीकडे पाहुणी.

महाराष्ट्राने यावर काही केलं नाही असं नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्यात १९९४ साली झाली, देशभर ती व्हायला २००५ उजाडलं. त्याआधी १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी खरोखरच बायकोच्या नावावर जमीन केली. पण आजही तलाठी कार्यालयाच्या बाहेर बाकड्यावर बसलेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, कारण भावाशी वाकडं घेतलं तर भाऊबीज संपेल. कायदा आहे, हक्क आहे, आणि माहेर टिकवण्यासाठी ती तो हक्क स्वतःच्या हाताने सोडते. ईसानमध्ये हे उलट घडलं. रिवाजाने आधी जमीन दिली. बाकीच्या बाबतींत कायदा मागाहून आला आणि तोही अडखळत. थायलंडमध्ये बाईला गावची मुखिया होण्याची कायदेशीर वाट १९८२ साली मोकळी झाली. म्हणजे ज्या गावातली घरं बायकांची, त्या गावचा कारभार तोवर पुरुषांचा होता.

धर्माची गोष्ट याहून कठीण. थेरवादी परंपरेत आईच्या ऋणातून मोकळं होण्याचा मुलाचा मार्ग ठरलेला आहे. डोकं भादरायचं, चीवर घ्यायचं, निदान एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात काढायचा. त्याचं पुण्य आईला लागतं. त्या दिवशी आई ज्या चेहऱ्याने मुलाकडे पाहते तो मी पाहिला आहे आणि त्या आनंदाला नाव ठेवण्याची माझी छाती नाही. पण मुलीचं काय? थायलंडच्या भिक्खूसंघाने १९२८ साली काढलेल्या आदेशानुसार स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई आहे. धम्मानंदा यांच्यासारख्या विदुषीला २००३ साली भिक्खुणी होण्यासाठी श्रीलंकेला जावं लागलं. तेव्हा मुलाचं ऋण तीन महिन्यांत फिटतं आणि मुलीचं जन्मभर फिटत राहतं: पहाटे उठून भिक्खूंसाठी भात उकडण्यात, दुखण्याखुपण्यात, दरमहा पाठवलेल्या पैशात. घर तिला मिळतं ते या ऋणासकट. ईसानच्या स्त्रीचं कौतुक करणारे पुष्कळ पाहुणे पहिली बाजू पाहतात आणि दुसरी सोडून देतात, म्हणून हे सांगायला हवं.

या सगळ्याचं मर्म मला कुठे दिसलं असेल तर ते ‘बुन फ्रा वेत’ या उत्सवात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव होणारा हा ईसानचा मोठा सण. वेस्संतर जातक, म्हणजे गौतम बुद्धाच्या आधीच्या जन्मातल्या दानशूर राजपुत्राची कथा, त्या दिवशी विहारात अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. तेरा सर्ग, एका दिवसात. सगळं ऐकणाऱ्याला पुढे मैत्रेय बुद्धाच्या काळात जन्म मिळतो अशी श्रद्धा. आदल्या दिवशी कथेतले प्रसंग रंगवलेला लांबच लांब कापडी पट सारं गाव खांद्यांवर धरून वेशीबाहेरून विहारात आणतं. वनवासातल्या राजपुत्राला पुन्हा नगरात बोलावण्याचा तो सोहळा. पहाटे चिकट भाताचे हजार मुटके घेऊन प्रदक्षिणा होते आणि मग वाचन सुरू होतं.

हीच कथा पाचव्या शतकात आपल्या अजिंठ्यात, १७ क्रमांकाच्या लेण्यात रंगवली गेली. आपण ती तिकीट काढून पाहतो, मार्गदर्शक बॅटरीच्या उजेडात दोन वाक्यं सांगतो आणि पुढे सरकतो. ईसानच्या खेड्यात ती अजून रडवते. राजपुत्र आपला पांढरा हत्ती देतो, रथ देतो, आणि पुढे स्वतःची दोन मुलं जूजक नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. त्या वेळी त्यांची आई मद्दी रानात कंदमुळं गोळा करायला गेलेली असते. ती वेळेत परतू नये म्हणून देव श्वापदांची रूपं घेऊन तिची वाट अडवतात. ती येते तेव्हा मुलं नाहीत. रात्रभर हाका मारत ती रान पालथं घालते आणि अखेर बेशुद्ध पडते. हा सर्ग लागला की विहारातल्या बायका पदराने, टॉवेलने डोळे पुसू लागतात. याय दरवर्षी रडते. मी तिला एकदा विचारलं, नवऱ्याने विचारलं का नाही मद्दीला? ती म्हणाली, “विचारलं असतं तर तिने दिली असती का?” दानाला उंची आहे हे तिला मान्य आहे, आणि ते दान कुणाच्या पोटातून गेलं हेही ती विसरत नाही.

घर सोडणाऱ्याचा गौरव आणि घर धरून ठेवणारीचं रडणं, दोन्ही त्या मंडपात एकाच वेळी असतात. मी तो सण पुन्हा पुन्हा पाहिला तसं वाटत गेलं की ईसानचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहासही असाच आहे. फक्त आता मद्दीलाही रान सोडून दूर जावं लागतं. एका पावसाळी पिकावर घर चालत नाही. खाण्यापुरता चिकट तांदूळ आणि विकायला ‘खाओ दोक मली १०५’ हा सुवासिक जातीचा भात, एवढ्यावर कर्ज फिटत नाही. म्हणून पुरुष तैवान, दक्षिण कोरिया, इस्रायलला गेले. ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात डझनांनी थाई शेतमजूर मारले गेले आणि तीसहून अधिक ओलीस धरले गेले, त्यांतले बहुतेक ईसानचे होते. बायका बँकॉकच्या कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या, घरकामाला गेल्या, काही पट्टायाच्या बारमध्ये गेल्या. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गावातलं फरशीचं घर, धाकट्या भावाची फी आणि बापाच्या औषधांचा खर्च त्याच पैशातून निघाला आहे. मुलीने पैसे पाठवले नाहीत तर गाव तिला विसरत नाही. मुलाने पाठवले नाहीत तर गाव समजून घेतं.

काहींनी युरोपातले नवरे केले. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही, म्हणून भाताच्या खाचरांमध्ये उभे राहिलेले हे नवे बंगले बायकोच्याच नावावर असतात. जुन्या रिवाजाने जे केलं तेच नव्या कायद्याने आडवाटेने केलं. परदेशी जावई संध्याकाळी ओट्यावर बसलेला दिसतो, भाषा येत नाही, शेत येत नाही. पूर्वजांच्या खोलीबाहेर थांबलेल्या जुन्या जावयाइतकाच तोही परका असतो.

आणि मुलं? थायलंडमध्ये पाचांतल्या एकाहून अधिक मुलं आई आणि वडील या दोघांपासूनही दूर वाढतात. ईसानमध्ये हे प्रमाण आणखी जास्त आहे. ती आजीजवळ असतात. साठीनंतर दरमहा सरकारी भत्ता मिळतो, ६०० बाथपासून सुरू होणारा आणि नव्वदीत १००० बाथपर्यंत पोचणारा. त्यात नातवंडाचा महिनाही निघत नाही. सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २००२ पासूनच्या ‘तीस बाथ’ योजनेमुळे यायच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जमीन गहाण न ठेवता झाली. गावोगावी दहा लाखांहून अधिक आरोग्य स्वयंसेवक आहेत. त्यांत बहुसंख्य बायकाच. रक्तदाब तपासायला येणारी शेजारीण स्वतः दोन नातवंडांना सांभाळत असते. राज्याची सारी सोयही अखेर त्याच खांद्यांवर उभी आहे.

हे खांदे आता कमी होत चालले आहेत. १९६०च्या दशकात थाई बाईला सरासरी सहा मुलं होत. आज दोनही होत नाहीत. २०२४ साली देशभरात पाच लाखांहून कमी मुलं जन्मली. धाकटी मुलगी घर सांभाळेल या रिवाजाला निदान दोन-तीन मुली लागतात. एकुलती एक मुलगी नर्स होऊन खोन केनला राहिली किंवा एकुलता एक मुलगाच झाला, तर रिवाजाला पुढची पायरी ठाऊक नाही.

यायच्या घरात हाच वाद पेटला आहे. तिची धाकटी लेक तैवानमधल्या कारखान्यातून परतणार नाही हे आता सगळ्यांना कळून चुकलं आहे. तेव्हा घर आणि जमीन सरळ नातीच्या नावे करावी असं यायने ठरवलं. नात खोन केनच्या इस्पितळात काम करते. मला ती ‘पा’, म्हणजे मोठी मावशी, म्हणते. मागच्या खेपेला सगळ्यांसमोर ती म्हणाली, “घर माझ्या नावे करायचं तर करा. पण आजीच्या दुखण्याचा खर्च भाऊही देईल, दर महिन्याला, अर्धा. आणि आजीपाशी आठवड्यातले काही दिवस तो राहील. लिहून द्या.” तिचा मामा चिडला. एका वर्षावासात चीवर घेऊन नातवाने आजीचं ऋण फेडलं आहे, असं त्याचं म्हणणं. नातीने उत्तर दिलं, “चीवर घालून आजीला आंघोळ घालता येत नाही.” याय काही बोलली नाही. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की पोरीचं बरोबर आहे, आणि आमच्याकडे तर मुलीला घरही देत नाहीत, नुसतं सांभाळायला बोलावतात. मामा अजून रुसलेला आहे. कागद अजून झालेला नाही. नातीने वकिलाकडून मसुदा करून आणला आहे आणि भावाच्या सहीसाठी ती पुढच्या सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सुट्टीत सगळे गावी जमतील तेव्हा, पुन्हा बैठक बोलावणार आहे.