अंतरंग जाणण्याचें कर्तव्य

एखादें साधन वापरतां येणें आणि तें साधन जाणणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें कोणीही मान्य करील. प्रश्न असा कीं, पहिली साधली असतां दुसरीची जबाबदारी मनुष्यावर उरते कीं नाहीं? घड्याळ वापरणाऱ्यानें घड्याळजी व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या यंत्रावर असंख्य अपरिचितांचे व्यवहार विसंबून आहेत, त्याच्या रक्षकांसही हीच सवलत द्यावी काय? मेनफ्रेम या मोठ्या संगणकाच्या उदाहरणानें आम्ही याचा विचार करूं.

आय. बी. एम. कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. तिच्यासाठीं रचलेल्या ओएस/३६० या कार्यप्रणालीची वारसदार झेड/ओएस आजही अनेक मोठ्या बँकांचीं खातीं सांभाळते. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारीच. कोणत्या कामास केव्हां वेळ द्यावा व किती जागा द्यावी, हें तीच ठरविते.

तिच्या अंतरंगांत शिरण्याची वाट मोठी बोधप्रद आहे. यंत्राच्या स्मृतींत, आरंभाजवळच, १६ क्रमांकाच्या स्थानीं एक पत्ता असतो. तो सीव्हीटी नांवाच्या कोष्टकाकडे नेतो. तेथें पुढील कोष्टकांचे पत्ते मिळतात. आणि असें शोधीत गेल्यास चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या नोंदीपर्यंत पोंचतां येतें. एखादें काम मध्येंच कोसळलें, तर त्या क्षणींच्या स्मृतीची नक्कल काढतां येते. तिला डंप म्हणतात. अनभिज्ञास तो अंकांचा ढिगारा वाटतो. जाणता त्यांत अपघाताची हकीकत वाचतो.

यावर आक्षेप असा कीं, श्रमविभागाच्या युगांत प्रत्येकानें सर्व जाणावें कसें? हा आक्षेप खोटा नाहीं. एवढी रचना एका डोक्यांत मावणें कठीण. शिवाय १९८३ सालीं कंपनीनें प्रणालीचा मूळ मजकूर न देतां केवळ यंत्रभाषेंतील रूप देण्याचें धोरण जाहीर केल्यापासून जिज्ञासूची वाट अधिकच बिकट झाली. परंतु यावरून इतकेंच ठरतें कीं, हें कर्तव्य एकट्या व्यक्तीचें नसून संस्थेचें आहे. प्रत्येक पिढींत कांहीं थोड्यांस तरी तिनें हें ज्ञान धीरानें द्यावें.

धीरानें म्हणण्यास कारण आहे. ओएस/३६० च्या निर्मितीचे सूत्रधार फ्रेड ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, रखडलेल्या कामावर नवीं माणसें घातल्यास तें आणखीच रखडतें. कारण नवागतांस शिकविण्यांत जाणत्यांचा वेळ जातो. म्हणजे संकटाच्या दिवशीं माणसें मिळतील, ज्ञान मिळणार नाहीं. तें आधींच कोणाच्या तरी ठायीं असावें लागतें. आणि जुने जाणते निवृत्त होण्यापूर्वीं तें पुढें गेलें नाहीं, तर प्रणाली चालत राहूनही अनाथ होते.

ठेवीदारानें 'मला यांतलें कांहीं कळत नाहीं' म्हणावें, त्यांत दोष नाहीं. त्या न कळण्यामुळेंच तो दुसऱ्यावर विश्वास टाकतो. परंतु ज्यानें तो विश्वास स्वीकारला, त्याच्या तोंडीं तेंच वाक्य शोभत नाहीं. यंत्र सुरळीत चालतें तोंवर दोघांचें अज्ञान सारखेंच दिसतें, हाच काय तो मोह. आणि तो वेळींच ओळखावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.