भडका आणि स्वभाव

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे सेलू गाव आहे. माघ-फाल्गुनांतील रात्री गच्चीवर उभे राहिले की ईशान्येस सप्तर्षी वर आलेले दिसतात. त्यांच्याच प्रदेशात, साध्या डोळ्यांस न दिसणारी, ‘मार्कारियन ४२१’ नावाची एक दीर्घिका आहे. तिचे अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे. फेब्रुवारी २०१० मध्ये ती एकाएकी भडकली. निदान आपणांस ते तेव्हा कळले, कारण तो प्रकाश ४० कोटी वर्षांपूर्वीच निघालेला होता. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी लडाखात हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभारलेल्या सात दुर्बिणींनी त्या भडक्याचे वेध घेतले. हे वाचीत असता आमच्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहिला : कोणाचाही स्वभाव त्याच्या भडक्यावरून ठरवावा काय?

प्रथम हे पाहावे की, या दुर्बिणींना गॅमा किरण प्रत्यक्ष दिसतच नाही. तो वातावरणाच्या वरच्या थरांत नाहीसा होतो. त्यातून सूक्ष्म कणांची एक सर खाली धावते, आणि तिच्यामुळे सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता निळसर प्रकाश उमटतो. तेवढ्यावरून मूळ किरणाचे अनुमान करावयाचे. पर्वतावरील धुरावरून अग्नी ओळखणारे आमचे नैयायिक येथे सहज आठवतात. परंतु धुके पाहून अग्नी आहे असे म्हणणारा फसतो, हेही त्यांनीच सांगितले. विश्वकिरणांतील इतर कणही असाच प्रकाश पाडतात, आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. ते निवडून काढण्यातच ज्योतिर्विदाचे निम्मे श्रम खर्ची पडतात.

दुसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. या दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असून, तेथून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघणारा द्रव्याचा झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला आहे. म्हणून ती आपणांस इतकी प्रखर भासते. बाजूने पाहणाऱ्यास तीच पुष्कळ सौम्य दिसेल. तेव्हा त्या प्रखरतेत तिचा वाटा किती आणि आपण उभे आहो त्या जागेचा किती, हे आधी ठरविले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, भडक्यातच खरे अंतरंग उघडे पडते. भडका खोटा असतो असे आम्हीही म्हणत नाही. परंतु त्याला भडका म्हणावयाचे तरी कशाच्या मानाने? हानलेच्या त्या दुर्बिणी २००९ पासून २०१५ पर्यंत वर्षानुवर्षे याच दीर्घिकेकडे पुनःपुन्हा वळल्या. विशेष काही न घडलेल्या रात्रीही त्यांनी टिपून ठेविल्या. त्या शांत रात्रींची नोंद नसती तर फेब्रुवारीतील त्या रात्रींचा अर्थच लागला नसता.

आणि आम्ही? घरच्या वाटणीच्या वेळी एक वडीलधारे आप्त आमच्यावर संतापून नको ते बोलले. त्या एका रात्रीनंतर आम्ही वीस वर्षे त्यांच्या घरची पायरी चढलो नाही. शब्द तेवढे ऐकले. त्यामागे काय जळत होते याचे अनुमान करण्याचे श्रम घेतले नाहीत. झोताच्या समोर आम्हीच उभे होतो, हेही ध्यानात घेतले नाही. आमच्या पोरक्या वयात ज्या शेकडो दिवशी त्यांनी मुकाट्याने आमचे शेत पाहिले, शाळेची फी भरली, त्या दिवसांची तर आमच्याजवळ नोंदच नव्हती. ती आठवू लागली तेव्हा ते हयात नव्हते.

४० कोटी वर्षांपूर्वीच्या भडक्याला न्याय देण्यासाठी माणसे बर्फाळ पठारावर रात्री जागतात. शेजारच्या आळीतील माणसास तितका न्याय देण्यास दुर्बीण लागत नाही. त्याच्या शांत रात्री टिपून ठेवण्याची सवय लागते. ती आम्हांस उशिरा कळली. वाचकांस वेळेवर कळो.