घसारा, दुरुस्ती आणि आत्मा

कॉमर्सच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नसतं, घसारा असतो. आर्ट्सची मुलं 'मी कोण?' या प्रश्नावर तीन वर्षं काढतात. तेवढ्याच काळात आम्ही 'यंत्राची किंमत दरसाल कितीनं कमी धरायची?' हे शिकतो. चाळिशी उलटली, की हळूहळू लक्षात येतं, दोन्ही प्रश्न एकच आहेत.

घसारा काढायच्या दोन प्रसिद्ध पद्धती. पहिलीत दरवर्षी ठरावीक रक्कम वजा करत जायचं. एक दिवस यंत्राची किंमत शून्य होते. म्हणजे मोक्ष. दुसरीत उरलेल्या शिलकीवर टक्के लावायचे. या पद्धतीत किंमत कमी-कमी होत जाते, पण शून्य म्हणून कधी होत नाही. आमच्या घरात २००४ साली लग्नात आलेला एक मिक्सर आहे. तेव्हाची किंमत २,५०० रुपये. दरसाल १५ टक्क्यांनी घसारा काढला तर वीस वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ९७ रुपये उरते. आणि त्याच्या एका भांड्याला नवं पातं आणि बुश बसवायला याच्या दुपटीहून जास्त पैसे पडतात. हिशेबाच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा. आमच्या सौभाग्यवतींच्या दृष्टीनं ही इडलीची चटणी. घरात अशा वेळी कोणाची दृष्टी ग्राह्य धरतात, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

या मिक्सरमध्ये मूळचं काय उरलंय, याची मी एकदा यादी केली. तीन भांड्यांपैकी दोन नवीन. तिसऱ्याचा कान नवीन. पाती, बुश, झाकणं, झाकणातल्या रबरी रिंगा, सगळं नवीन. कार्बन ब्रश दोनदा बदलले. वायर बदलली, बटण बदललं, खालचे रबरी पाय बदलले. मोटर एकदा रिवाइंड केली आणि पुढे तीही बदलली. कपलर किती बदलले ते मी लिहून ठेवायचं सोडून दिलं. मूळचा उरलाय तो बाहेरचा प्लास्टिकचा सांगाडा आणि त्याच्यावरचा दर दसऱ्याला लावलेल्या हळदकुंकवाचा थर. मग प्रश्न पडतो, की दसऱ्याला आपण नेमकी कोणाची पूजा करतो?

हा प्रश्न माझ्याआधी इतर काही जणांना पडलेला आहे. ग्रीक लोकांनी थीसियस राजाचं गलबत जपून ठेवलं होतं. फळी कुजली की बदल, फळी कुजली की बदल, असं करता-करता ते गलबत तेच राहिलं का, यावर अथेन्सचे तत्त्वज्ञ भांडत असत, असं प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे मिलिंद राजा नागसेन भिक्षूंकडे आला, तेव्हा नागसेनांनी त्याला विचारलं, महाराज, तुम्ही रथातून आलात, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ कुठेय? रथ हे नुसतं व्यवहारापुरतं नाव, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या मिक्सरला हे तंतोतंत लागू पडतं. फक्त नागसेनांना कोणी मधेच 'आधी तो खोबऱ्याचा तुकडा अडकलाय तेवढा काढा' असं सांगत नव्हतं.

पुढे १६५५ साली टॉमस हॉब्स नावाच्या इंग्रजानं यात आणखी एक पाचर मारली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणीतरी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं गलबत बांधलं, तर खरं कुठलं? लोकांना हे उदाहरण काल्पनिक वाटतं. मला वाटत नाही. आमच्या स्टेशनरस्त्यावरच्या मिक्सरवाल्याकडे पत्र्याचा एक मोठा डबा आहे. त्यात आमच्या मिक्सरचे आजवरचे बरेचसे अवयव आहेत. उद्या त्यानं ते जोडून एक मिक्सर उभा केला आणि तो समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना विकला, तर आमच्या लग्नातला मिक्सर कोणाच्या घरी? हा पेच मी जेवताना घरात मांडला. हॉब्सला जे सुचलं नाही ते आमच्या हिनं वाढता-वाढता सांगून टाकलं.

"ज्याची भांडी मला घासावी लागतात, तो आपला."

हे उत्तर मी पुढे बऱ्याच ठिकाणी लावून पाहिलं. फार ठिकाणी लागू पडतं.

आता या मिक्सरवाल्याविषयी. हा गृहस्थ यंत्र उघडतो, नाकाजवळ नेतो, वास घेतो आणि दोनच निदानं करतो. 'जळालंय' किंवा 'जीव आहे'. "साहेब, मोटरला अजून जीव आहे," असं तो म्हणतो, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचाही जीव भांड्यात पडतो. नव्या वस्तूंच्या दुकानात असा शब्द ऐकू येत नाही. तिथे गॅरंटी असते, वॉरंटी असते, जीव नसतो.

शिवाय आपल्या देशी मिक्सरचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या अडचणीतून झालेला आहे. १९६३ साली मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे हात टेकून बसला आणि तो दुरुस्त करून मिळेना. यजमान सत्यप्रकाश माथुर अभियंते होते. त्यांनी आपलं वाटण झेपेल असा दणकट मिक्सर स्वतःच तयार केला. तोच 'सुमीत'. पुढे कित्येक मराठी घरांतले पाटे-वरवंटे मोरीजवळ जाऊन पडले ते त्याच्यामुळे.

मिक्सरमधला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे कपलर. मोटरच्या दांड्यावर बसणारं हे प्लास्टिकचं किंवा रबराचं छोटं चाक. बहुतेक मिक्सरमध्ये याचे आटे उलटे असतात, त्यामुळे ओळख नसलेला माणूस सोडवायला म्हणून जोर लावतो आणि ते आणखी घट्ट बसतं. याचे दात झिजतात, तुटतात आणि मोटर नुसती घरघरते. लोक चिडतात, की एवढ्या महागाच्या यंत्रात एवढा कच्चा भाग कशाला? अहो, तो कच्चा आहे म्हणूनच तर पक्कं यंत्र टिकतं. भांड्यात हळकुंड अडकलं, की कोणीतरी मोडायला हवंच. कपलर मोडला नाही तर मोटर जळेल. म्हणून स्वस्तातला भाग स्वतः मोडतो आणि महागाचा वाचवतो. प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो. वरून आलेला ताण आणि खालून आलेला अडथळा यांच्यामध्ये तो बसलेला असतो. त्याचे दात झिजतात आणि बाकीचे म्हणतात, 'याला काही दम नाही.' बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला या भागाविषयी ममत्व वाटणारच.

दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, यावर कोर्टकज्जेही झालेले आहेत. आयकरात चालू दुरुस्तीचा खर्च उत्पन्नातून वजा मिळतो. काही सूतगिरण्यांनी जुनी रिंग फ्रेम काढून नवी बसवली आणि म्हटलं, ही आमच्या गिरणीची दुरुस्ती. २००७ साली सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रिंग फ्रेम हे स्वतंत्र यंत्र आहे. अख्खं यंत्र बदलणं ही चालू दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती म्हणजे जे आहे ते राखणं. थीसियस अथेन्सऐवजी कोइमतूरला असता, तर त्याला एकेका फळीची वजावट मिळाली असती, आख्ख्या गलबताची नाही.

रिझर्व्ह बँकेनं तर हा प्रश्न मोजपट्टी घेऊन सोडवला आहे. फाटकी नोट ही नोट आहे का? पन्नास किंवा त्याहून मोठ्या किमतीची नोट असेल, तर तिचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त हवा, मग पूर्ण किंमत. ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी. ४० टक्क्यांहून कमी असेल तर नमस्कार. आत्म्याचा एवढा नेमका हिशेब उपनिषदांतही सापडायचा नाही.

साहेबाच्या देशात हा प्रश्न घरामागच्या हिरवळीवर येऊन ठेपतो. गवत कापायचं यंत्र इंग्लंडातल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं १८३० साली पेटंट केलं. आजच्या पुष्कळ यंत्रांना कापलेलं गवत झेलायला मागे प्लास्टिकची पेटी असते. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, यंत्राच्या थरथरीनं बिजागरीचे कान तुटतात. यंत्र ठणठणीत आणि पेटी खिळखिळी. यातलं बरंचसं प्लास्टिक कुठल्याही डिंकाला दाद देत नाही, हे आपल्याकडे बादलीचा कान चिकटवू पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मग तो दहा बोटांएवढा कान सुटा मिळतो का, यावर सगळं यंत्र राहणार की कचऱ्यात जाणार हे ठरतं. फ्रेंचांनी २०२१ पासून काही वस्तूंवर, ती दुरुस्त करणं किती सोपं, याचे दहापैकी गुण छापायची सक्ती केली. पहिल्या पाच प्रकारांत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही आणि कपडे धुण्याचं यंत्र यांच्या पंगतीला हे गवत कापायचं यंत्रही होतं. सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, यालाही त्यात गुण. आपल्या सरकारनंही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. आपल्याकडे समिती नेमली, की तिच्या दुरुस्तीचा प्रश्न वेगळा उभा राहतो, पण सुरुवात चांगली आहे.

याचा अर्थ सगळंच दुरुस्त करत बसावं, असा मुळीच नाही. गॅसच्या नळीची मुदत संपली, की ती बदलावी. तिथे भावना आणू नयेत. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला खिळा लावणारा माणूस तत्त्वज्ञ नव्हे, तो शेजाऱ्यांना धोका आहे. आणि 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून माळ्यावर टाकलेलं सामान ही दुरुस्ती नव्हे, ती वस्तूची नजरकैद आहे. टाकायचं ते टाकावंच. पण टाकण्याआधी एकदा तरी उघडून बघावं, एवढंच माझं म्हणणं. उघडून न बघता टाकणं हा आळस आहे आणि आपण त्याला प्रगती म्हणतो.

हे एवढ्या तळमळीनं लिहायला कारण आहे. आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. दोन्ही गुडघे बदलावे लागणार होते. भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी एक जण अगदी आपुलकीनं म्हणाले, "आता या वयात एवढा खर्च करायचा, म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला ते वाक्य पाठ होतं. मिक्सर घेऊन गेलो होतो तेव्हा एका चकचकीत दुकानातला मुलगा असाच गोड आवाजात म्हणाला होता, "एवढ्या जुन्यावर कशाला खर्च करता सर? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." बोलणारे दोघेही सज्जन होते आणि हिशेबात दोघांचंही चुकत नव्हतं. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "मला एक्स्चेंजमध्ये घेणारं कोणी असलं तर कळवा हो. सुनेला विचारून सांगते."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की नव्या गुडघ्यात वरखाली धातू असतो आणि मधे प्लास्टिकची चकती. झिजते ती चकती, आणि तीही पंधरा-वीस वर्षांनी. आई म्हणाली, "म्हणजे कपलरच की." डोळ्यांत मोतिबिंदूनंतर बसवलेली भिंगं तिला आधीच होती, दातही बसवलेले होते. आता माझ्यासारखी यादी करायला बसलं, तर तिच्यातही पुष्कळ सुटे भाग निघतील. पण ती अजून जिना उतरताना कठडा न धरता शेजारणीशी बोलते, दुधाचा हिशेब माझ्याआधी करते आणि भाजीवाल्याला 'कालची आहे ना रे ही?' असं ताज्या भाजीबद्दलच विचारते. ती तीच आहे, याविषयी प्लुटार्कनं शंका काढली तरी भाजीवाला काढणार नाही.

वस्तू आणि माणूस एक नव्हे, हे मला कळतं. पण 'जुनं झालं, टाकून द्या' ही सवय जिभेची असते. जिभेला माळ्यावरची वस्तू आणि आतल्या खोलीतलं माणूस यांतला फरक फार काळ लक्षात राहत नाही. मिक्सरवाल्याच्या बाकावर ताटकळत बसण्यात पैसे वाचतात की नाही, याविषयी दोन मतं होऊ शकतात. पण तिथे बसल्या-बसल्या 'अजून जीव आहे का, ते बघू' असं म्हणायची जिभेला सवय लागते. ती सवय पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही. माझेही गुडघे हल्ली जिना चढताना थोडे वाजू लागले आहेत. चिरंजीवांना मी गेल्या महिन्यापासून मिक्सर घेऊन दुकानात पाठवू लागलो आहे. त्याची सवय आतापासून झालेली बरी.