चव न घेता केलेली आमटी

कमी ऐकू येणाऱ्या बाईनं गाण्याचं मिक्सिंग करावं का? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण खरं तर तो सत्याचा आहे.

दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या मंडळातल्या चौघी-पाचजणी एखादीच्या घरी जमतात. पंखा बंद, कुकरची शिट्टी बंद, आणि मोबाइलवर स्तवनं रेकॉर्ड होतात. पेटी वेगळी, झांज वेगळी, गळा वेगळा. मग संगणकावर बसून कुणीतरी ठरवायचं, झांज किती ठेवायची, पेटी किती, आणि शब्द कुठं वर आणायचे. हे काम आमच्यातल्या एक अक्का करतात. साठी उलटलेली, दोन्ही कानांना यंत्र.

वयानं कान जातो तो बहुधा वरच्या, बारीक आवाजांपासून. 'स', 'श' पुसट होतात, झांजेची किणकिण विरते. अशा कानानं मिक्सिंग केलं तर झांज कमी वाटते, म्हणून हात ती वाढवतो. स्वतःला गोड लागतं, दुसऱ्याच्या कानात मात्र सुई टोचते. त्यात कानातलं यंत्र मुख्यतः बोलणं कळावं म्हणून केलेलं. हळू आवाज ते उचलतं, मोठा आवाज दाबतं. म्हणजे जो लहानमोठेपणा मिक्सिंगमध्ये जोखायचा, तोच ते सपाट करतं.

मग कुणीतरी म्हणतंच, "अक्का, आता राहू दे की. पोरं करतील."

थांबा. उपवासाच्या दिवशी घरच्यांचा स्वयंपाक आपण करतोच ना? आमटीचा थेंब जिभेवर ठेवायचा नाही, तरी मीठ बरोबर पडतं. कसं? हाताला माप ठाऊक असतं, आणि शंका आलीच तर जेवणाऱ्यांपैकी एकीला चाखायला देतो. चव आपल्याला कळत नाही, पण जबाबदारी आपलीच असते.

अक्काही तेच करतात. चांगलं रेकॉर्डिंग झालेलं एक जुनं भजन शेजारी ठेवतात. पडद्यावर खालचे-वरचे स्वर किती जोरात आहेत याचा आलेख दिसतो, तो दोन्हींचा ताडून पाहतात. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नाहीत, कारण त्यानं उरलेला कानही जातो. शेवटी सुनेला बसवतात आणि "छान आहे का?" असं विचारत नाहीत, "टोचतं कुठं?" असं विचारतात. छान आहे का विचारलं तर घरचं माणूस हो म्हणून मोकळं होतं.

आणि धडधाकट कान तरी कुठं पुरा असतो? आवाज लहान केला की खर्ज आणि टीप आपल्या सगळ्यांनाच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवलं. अमेरिकेतल्या 'बीच बॉइज'च्या ब्रायन विल्सनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. 'पेट साउंड्स' ही त्याची नावाजलेली ध्वनिमुद्रिका 1966 मध्ये मोनोत निघाली, डाव्या-उजव्याची वाटणी न करता.

आपण अनेकांत म्हणतो, पण त्याचा सोपा अर्थ काढतो: तुझंही खरं, माझंही खरं. तसं म्हणून चालत नाही. झांज टोचते ती टोचतेच. अनेकांत एवढंच मागतो, की "बरोबर आहे" म्हणण्याआधी "माझ्या कानाला" हे शब्द जोडावेत आणि मग दुसऱ्या कानाकडं जावं. 'स्यात्' म्हणजे संशय नव्हे. ती आपल्या जागेची प्रामाणिक नोंद आहे.

म्हणून मला वाटतं, उणीव असणं हा दोष नाही. ती न मोजता दुसऱ्यावर लादणं हा दोष आहे. आणि उणीव दिसली की त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं, हाही दोषच. त्याला आपण काळजी म्हणतो, एवढंच.

दहा धर्मांत क्षमेनंतर मार्दव येतं. मार्दव म्हणजे मान खाली घालून उठून जाणं नव्हे. आपल्या जागी बसून राहायचं आणि शेजारणीला म्हणायचं, "बाई, जरा ऐक गं, मला इथलं कळत नाही."