जित्याची खोड

शास्त्रवाचन : रोमकरांस पत्र 6:1-14; योहान 11:38-44



म्हैसूरहून पश्चिमेस हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्याने ऑगस्ट महिन्यात प्रवास केला, तर हुणसूर जवळ येता येता हवेत एक वास मिसळू लागतो. गोडसर, उबदार, काहीसा गुऱ्हाळातील काहिलीची आठवण करून देणारा. तो तंबाखूच्या भट्ट्यांचा वास. हुणसूर आणि पिरियापट्टण या तालुक्यांत सिगारेटीचा तंबाखू मोठ्या प्रमाणावर पिकतो, आणि पावसाळ्याच्या दिवसांत शेतोशेती उंच, बिनखिडक्यांच्या खोल्यांतून पाने शेकण्याचे काम अहोरात्र चालते. काही वर्षांपूर्वी मानसगंगोत्री येथील भारतीय भाषा संस्थानात कामानिमित्त माझा काही दिवस मुक्काम होता. रविवारी उपासनेनंतर एक कन्नड पाळक मला त्यांच्या मंडळीतील एका शेतकऱ्याच्या घरी घेऊन निघाले. मोटारीची काच खाली होती. तो वास आत आला, आणि माझा उजवा हात, मला न विचारता, सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

खिशात काही नव्हते. त्या खिशातून तंबाखूची डबी नाहीशी होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

त्या हाताविषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

मी चोवीस वर्षे तंबाखू खाल्ला. धर्मशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना ग्रीक व्याकरणाची पाने मी चुन्याच्या बोटांनीच उलटली. व्यासपीठावर चढण्यापूर्वी चूळ भरावी, वेलदोडा दाढेखाली धरावा, आणि मग देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे या वचनावर प्रवचन करावे, असा माझा क्रम होता. दर 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत मी शपथ घेत असे. उत्तम शुक्रवारी घेत असे. एकदा तर नदीच्या पुलावर उभे राहून, मोठ्याने प्रार्थना करून, डबी पाण्यात भिरकावून दिली. संध्याकाळी नवी घ्यावयास गेलो तेव्हा दुकानदाराने सहज विचारले, "जुनी हरवली का?"

आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. 2016-17 साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी 28.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 26.6 टक्के होते, आणि त्यांतील बहुतेक जण तो ओढणारे नसून खाणारे किंवा लावणारे होते. म्हणजे चारांत एकाहून अधिक. आपल्या मंडळ्यांतील बाके या हिशेबाबाहेर आहेत असे मानण्यास मला कारण दिसत नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मशेरीला तर आपण व्यसन म्हणतच नाही; "दात घासते" असे म्हणतो. दारू पिणाऱ्याचे नाव मात्र पंचांच्या बैठकीत निघते. आणि ज्याला क्रोधाची, खोटे बोलण्याची, रात्री सारे निजल्यावर मोबाइलवर नको ते पाहण्याची सवय आहे, त्याचे नाव कोठेच निघत नाही.

माझे काम शब्दांचे. म्हणून एक गोष्ट मला फार उशिरा का होईना, पण शब्दांतूनच उमगली. मराठीत माणूस सवय 'लावून घेतो' खरा, पण अधिक वेळा ती त्याला 'लागते'. तहान लागावी, आग लागावी, कोणी पाठीस लागावे, तशी लागते. व्यसन 'जडते', रोग जडावा तसे. या वाक्यांत कर्ता मी नसतो, सवय असते. मी केवळ तो, ज्याला ती लागली. सोडण्याची वेळ आली की आपण वाक्य फिरवतो आणि स्वतःला कर्त्याच्या जागी बसवतो : मी सोडीन, मी मोडीन, मी टाकीन. माझ्या साऱ्या शपथा याच वाक्यरचनेतल्या होत्या. परंतु भाषेला दुसरेही क्रियापद ठाऊक आहे. सवय 'सुटते'. गाठ सुटावी, दावे सुटावे, बंदिवान सुटावा, तशी सुटते. तेथे सोडणारा कोण हे वाक्य सांगत नाही. ती रिकामी जागा कोणाची, हाच आपला आजचा प्रश्न आहे.

दुसरे असे की, आपल्या वाडवडिलांनी या विषयावर एक म्हण करून ठेवली आहे : जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण आपण हताश होऊन उच्चारतो. सासू सुनेविषयी उच्चारते, मालक गड्याविषयी, आणि माझ्या पत्नीने ती माझ्याविषयी मनात किती वेळा उच्चारली असेल ते प्रभूला ठाऊक. पण एके दिवशी रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या मजकुरावर काम करीत असता ही म्हण माझ्यासमोर अशी उभी राहिली की लेखणी थांबली. पौल प्रेषित या म्हणीशी वाद घालीतच नाही. तो म्हणतो, अगदी खरे आहे. मेल्याशिवाय जातच नाही. म्हणूनच तर मरण झाले आहे. आपल्यातील जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला, असे तो सहाव्या वचनात सांगतो, आणि तेथील ग्रीक क्रियापद होऊन गेलेल्या गोष्टीचे आहे. होईल, होवो, प्रयत्न केल्यास होऊ शकेल, असे नव्हे. आपला बाप्तिस्मा हा त्या मरणातील बाप्तिस्मा आहे. गावकरी ज्या ठिकाणी हात टेकतात, त्याच ठिकाणाहून प्रेषिताची सुवार्ता सुरू होते.

त्या दिवशी माझ्या हस्तलिखिताच्या समासात अंगठ्याचा पांढुरका ठसा उमटला होता. चुन्याचा. अकराव्या वचनाच्या शेजारी.

आता आपण विचाराल, आणि विचारलेच पाहिजे, की जर मरण झाले आहे तर मग हात खिशाकडे का जातो? बाप्तिस्मा झालेला माणूस दारूच्या दुकानासमोरून जाताना पाय का अडखळतात? याचे सोपे उत्तर असे देतात की, त्याचा विश्वास कच्चा. हे उत्तर मीही दिले आहे, इतरांना, व्यासपीठावरून, वेलदोडा दाढेखाली धरून. ते उत्तर खोटे आहे असे आज मी आपणांस सांगतो. काही जणांना प्रभू एका दिवसात, एका प्रार्थनेत मोकळे करतो. अशी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी देवाचे उपकार मानतो. मी त्यांच्यापैकी नाही, आणि पौलाचे सहावे प्रकरण केवळ त्यांच्यासाठी लिहिलेले नाही. त्या अकराव्या वचनात, ज्याच्याशेजारी माझा ठसा होता, पौल आपणांस सांगतो की तुम्ही पापाला मेलेले आहात असे माना. 'माना' या ठिकाणचा मूळ शब्द व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीतला आहे. आणि त्याचे रूप असे की, हा हिशेब एकदाच करून वही मिटावयाची नाही, तो करीतच राहावयाचा आहे. मरण एकदाच झाले. त्याची नोंद मात्र रोज सकाळी करावयाची.

हुणसूरजवळच्या त्या भट्टीपाशी मला हे नव्याने कळले. शेतकऱ्याने पाळकांच्या मध्यस्थीने सारी रीत समजावून सांगितली. हिरवी पाने काठ्यांना बांधून आत टांगतात. बाहेरच्या चुलीतील ऊब लोखंडी नळ्यांतून आत खेळवतात. धूर पानाला लागू देत नाहीत. सुमारे 35 अंशांपासून आरंभ करून उष्णता हळूहळू 70 अंशांच्या आसपास नेतात. प्रथम पान पिवळे पडते, मग तो रंग पक्का होतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, सर्वांत शेवटी, पानाची मधली जाड शीर सुकते. पान सुकले म्हणून घाईने बाहेर काढले आणि शिरेत ओल राहिली, तर रचलेली थप्पी बुरशीने जाते. तो माणूस स्वतः तंबाखूला शिवत नव्हता, हे त्याने न विचारताच सांगितले; दुसऱ्या कोणत्या पिकाला असा भाव मिळत नाही, हेही सांगितले. त्याच्या पोटाचा प्रश्न या लेखात सोडवण्याचा आव मी आणीत नाही. मी पाहत होतो ती शीर. चोवीस वर्षांची सवय माझ्या निश्चयात नव्हती, की तो बदलताच ती जावी. ती हातात होती, नाकात होती, जेवणानंतरच्या घटकेत होती. निकोटीन मेंदूलाच आपली वाट पाहावयास शिकवते, हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि त्यासाठी औषध घेणे हा अविश्वास नव्हे. मी घेतले. मधुमेहाच्या गोळीवर प्रार्थना करणारे आपण या औषधाची लाज का धरतो, हे मला समजत नाही.

पण माझी गाठ औषधाने सुटली नाही, आणि एकट्याच्या प्रार्थनेनेही नाही.

योहानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाचा. प्रभू येशू लाजराला हाक मारतो आणि चार दिवसांचा मेलेला माणूस बाहेर येतो. जिवंत असतो, पण हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. ज्याने मरणाला आज्ञा केली त्याला चार पट्ट्या सोडवणे जड होते काय? तरी तो ते काम स्वतः करीत नाही. भोवती उभ्या असलेल्यांना तो सांगतो की याला मोकळे करा. आणि मूळ भाषेत ती आज्ञा अनेकवचनी आहे. जीवन देणे प्रभूचे, पट्ट्या सोडणे शेजाऱ्यांचे. 'सुटते' या क्रियापदातील रिकाम्या जागेत प्रथम ख्रिस्त उभा आहे. आणि त्याच्या मागे त्याने बेथानीची माणसे उभी केली आहेत, ज्यांना त्या पट्ट्यांना हात लावताना दुर्गंधी सोसावी लागली असणार.

माझे बेथानी म्हणजे आमच्या मंडळीतील नाना. मंदिराची घंटा वाजवणारे, एके काळी दारूपायी शेत गमावलेले आणि पुढे कित्येक वर्षे थेंबही न शिवलेले. त्यांनी एकदा मला मंदिरामागे, भिंतीकडे तोंड करून तंबाखू मळताना पाहिले. मी हात मागे घेतला. नाना म्हणाले, "पाळक, भिंतीला कशाला सांगता? मला सांगा." एवढेच. मी चोवीस वर्षे देवाला सांगितले होते. माणसाला त्या दिवशी प्रथम सांगितले. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे सोळावे वचन मी अनेकदा समजावून सांगितले होते, ते तेव्हा केले. त्यानंतर रोज सकाळी घंटेपूर्वी नाना दाराशी येत आणि विचारत, "आजचं काय?" दोनदा मला मान खाली घालून सांगावे लागले की काल खाल्ला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "कालचं नाही विचारलं."

हे काही नवे नाही. 386 साली मिलान येथील बागेत ऑगस्टिन आपल्या सवयींच्या बेडीशी झुंजत रडत होता, तेव्हा त्याचा मित्र अलिपियुस त्याच्याबरोबर त्याच बागेत होता. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाच्या व्यापाऱ्याला पुन्हा पिण्याचा मोह अनावर झाला, तेव्हा त्याने एका पाळकाला फोन करून दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताचा पत्ता मागितला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा आरंभ झाला. ते पहिले लोक याकोबाचे पत्र आवडीने वाचत. मुंबईत 1981 साली फादर ज्यो परेरा यांनी व्यसनाधीनांसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले. 'कृपा' हे नाव मला भाषांतरकार म्हणूनही फार आवडते. रिकामी जागा तेथे भरलेली आहे.

आणि आपल्या मंडळ्या? ज्याचे नाव बैठकीत निघते त्याला आपण प्रभुभोजनापासून दूर ठेवतो, आणि ते कित्येकदा रास्तही असते. परंतु त्यानंतर सोमवारी सकाळी त्याच्या दाराशी कोण जातो? शिस्त लावणाऱ्या पंचांनी पट्ट्या सोडणाऱ्याचेही नाव त्याच ठरावात लिहावे, असे मला वाटते. लपलेली सवय लपल्यामुळेच जगते. आपल्यात तिला उजेडात आणण्याइतकी सुरक्षित जागा नसेल, तर माणसे भिंतीकडे तोंड करूनच उभी राहतील. काही जण तर व्यासपीठावरही तशीच उभी असतील.

आपण हे वाचीत असताना आपलाही हात कोणत्या खिशाकडे जातो, ते आपणांस ठाऊक आहे. कोणाला सांगावे, हेही बहुधा ठाऊक असेल. त्या व्यक्तीचे नाव आत्ता मनात आले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून प्रथम तिकडे जावे.

त्या रविवारी संध्याकाळी म्हैसूरला परतल्यावर मी अतिथिगृहातून नानांना फोन लावला. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. मला ओरडून सांगावे लागले.

"नाना, आज हात खिशाकडे गेला."

"डबी होती का?"

"नाही."

"मग उद्या सकाळी फोन करा. घंटेच्या आधी."