वेलांटी की पाठची रेघ?

आत्याचं उभं आयुष्य मोडी वाचण्यात गेलं. मोतीबिंदू काढल्यावरही बारीक अक्षर लागेना, म्हणून आम्ही तिला मोठ्या पडद्याचा टॅबलेट घेऊन दिला आणि घरच्या जुन्या दफ्तराचे मी काढलेले फोटो त्यात भरले. सदाशिव पेठेतल्या तिच्या खोलीत त्यावरून आमचं जे बोलणं झालं, ते इथे देते आहे. जुने कागद जपणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच आज ना उद्या येणार आहे.

आत्या : दोन बोटं फाकवली की अक्षर केवढं होतं गं! हे बघ, इथे बोरू दौतीत बुडवलाय. आधीचं अक्षर फिकं, पुढचं एकदम काळंभोर. भिंगातून दोन-तीन अक्षरं दिसायची, इथे अख्खी ओळ दिसते.

मी : म्हणजे आवडला तुला.

आत्या : वाचायला आवडला. पण जरा कलंडलं की पान आडवं होतं. एका शब्दावर अडून बसलं की पडदा काळा होतो. मोडी वाचताना अडून बसावंच लागतं.

मी : ते दोन्ही बंद करून देते.

आत्या : दे. आणि मूळ कागद रुमालात बांधून कपाटात ठेव. आता ते कुणी उघडायचे नाहीत.

मी : हे तू म्हणतेस? कागद हाताळल्याशिवाय मोडी येत नाही, हे मला तूच शिकवलंस.

आत्या : तेव्हा दुसरा उपाय नव्हता. दर वेळी घडी उलगडली की घडीवरचा कागद थोडा तुटतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून निवडून 45 भाग काढले, तरी बहुतेक दफ्तर छापायचं राहिलंच. शिकणाऱ्या प्रत्येकाने ते रुमाल उपसले, तर पुढच्यांना काय उरेल?

मी : पण फोटो म्हणजे कागद नव्हे.

आत्या : छापील खंड तरी कुठे कागद होता? इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, एकूण 22 काढले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून कागद मिळवले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण खंडात आपल्याला राजवाड्यांनी लावलेलं अक्षर मिळतं. ते बरोबर लावलं का, हे घरबसल्या कसं तपासणार? फोटोत बोरूचा फटकारा दिसतो. संपादकाशी भांडायचा हक्क साध्या वाचकाला मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

हे मला पटलं, आजही पटतं. मी गप्पच बसले असते. पण त्याच वेळी पाटीलकीच्या तंट्याचं एक पत्र पडद्यावर आलं. साल जुन्या रीतीने अरबी अंकशब्दांत लिहिलेलं, आणि नेमका त्या जागी पाण्याचा डाग होता.

आत्या : ‘इहिदे’ स्वच्छ आहे, ‘मया व अलफ’ही आहे. मधला शब्द ‘सितैन’, म्हणजे साठ, की ‘सबैन’, म्हणजे सत्तर?

मी : थांब, उजेड वाढवते. ही बघ वेलांटी! सितैन. म्हणजे शुहूर सन 1161, इसवी सन 1760-61. पानिपतचं साल!

आत्या : आता कमी कर.

मी : गेली.

आत्या : परत वाढव.

मी : आली.

आत्या : मग ती आहे की नाही? वेलांटी नसेल तर सबैन, म्हणजे 1770-71, थोरल्या माधवरावांचा काळ. मजकुरात साल ठरवणारं दुसरं काही नाही. तुझ्या बोटाच्या सरकण्यावर दहा वर्षं इकडची तिकडे होतायत.

मी : म्हणजे फोटोतही कुणीतरी लावलेलंच अक्षर आलं. आधी राजवाड्यांचं, आता माझं आणि कॅमेऱ्याचं.

आत्या : तुला पानिपत हवं होतं, म्हणून तू जिथे वेलांटी दिसली तिथे थांबलीस. राजवाडे नोंद तरी करून ठेवत की अक्षर लागत नाही. हा पडदा काय करतो, दाखवतो आणि गप्प बसतो. पाठची बाजू कुठाय?

मी : पाठचा फोटो मी काढलाच नाही. मागे कुणीतरी नंतर हिशेब लिहिलाय.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘काढ तो कागद.’

मी घडी उलगडली. घडीवरून नखाएवढा तुकडा सुटून टेबलावर पडला. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अजून अक्षरांना चिकटून चमकत होते. आत्याने कागद खिडकीशी उजेडासमोर धरला. वेलांटीच्या जागी पाठच्या हिशेबाची एक तिरपी रेघ आरपार उतरली होती. साल सबैन ठरलं.

मी : बघ, कागद उघडावाच लागला.

आत्या : आणि हा तुकडा? तो परत जोडला जाणार आहे का? शिवाय टॅबलेट नसता तर ती रेघ माझ्या डोळ्यांना दिसलीच नसती. मी डागाखाली सबैन वाचून पुढे गेले असते, उत्तर बरोबर आलं असतं, पण ते का बरोबर हे मला कधी कळलं नसतं.

मी : मग तुझा निकाल काय?

आत्या : रोजचं वाचन पडद्यावर. फोटोवर शंका अडली आणि ती कशी अडली हे लिहून दिलं, तरच मूळ कागद काढायचा. शिकणाऱ्याला मात्र एकदा तरी खरा कागद उजेडाला धरू द्यायचा. नाहीतर पाठीमागून शाई उतरते ही शंका त्याला येणारच नाही.

मी : यातही कागद झिजणार.

आत्या : झिजणार. ते नुकसान मान्य करून म्हणते आहे.

माझं मत विचाराल तर मी यात एवढीच भर घालीन. घरात जुनं दफ्तर असेल, तर फोटो दोन्ही बाजूंचे काढा. एक साध्या उजेडात आणि एक कागदाच्या मागून उजेड देऊन. उजेड वाढवलेली प्रत वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा. आणि फोटो निघाले म्हणून मूळ कागद कृपा करून रद्दीत घालू नका.