'मॅनहँडल'मध्ये काय काय दडतं

तिसगाव, ता. पाथर्डी

चि. नीलेश,

फिर्यादीचा तू केलेला इंग्रजी तर्जुमा वाचला. भाषा सफाईदार आहे, पण आठवडे बाजारातलं ते सगळं भांडण तू एका क्रियापदात उरकलंस: आरोपींनी दोघांना 'मॅनहँडल' केलं. वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतोस, तर हा शब्द जरा जपून वापर.

पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत तो हत्यार-अवजार चालवण्यासाठी सापडतो. पुढे जहाजांवर कप्पी-दोर न लावता नुसत्या मनुष्यबळाने जड माल हलवणं, म्हणजे आपली हमालीच, असा अर्थ झाला. माणसालाच पोत्यासारखं ओढण्या-ढकलण्याला तो लागू पडला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हमालीचा अर्थ अजून जिवंत आहे. त्यात कुणाला खरचटतही नाही.

बातमीत असा ढोबळ शब्द खपतो. भारतीय न्याय संहितेत मात्र हा शब्दच नाही. तिथे 'असॉल्ट' आहे, पण त्याला अंगाला हात लागावाच लागत नाही. मारायला धावून हात उगारला तरी कलम १३० ची व्याख्या भरते. रागाने ढकललं तर कलम १३१, तीन महिन्यांपर्यंत कैद. साधी दुखापत असेल तर ११५(२), वर्षापर्यंत. पण दोन्ही अदखलपात्र. पोलीस एनसी करून कोर्टाचा रस्ता दाखवतील. तीच दुखापत कोयत्याने झाली की ११८(१) येतं आणि गुन्हा दखलपात्र होतो. म्हणजे हातात काय होतं, हे लिहायलाच हवं. (जुनी पुस्तकं चाळताना सांभाळ. १ जुलै २०२४ पूर्वी ३५२ हे हल्ल्याचं कलम होतं. आता त्याच आकड्याखाली अपमान आहे. मुरलेले वकीलही अडखळतात.)

खरी चूक पुढे आहे. त्या भांडणात एका बाईंचा पदर ओढला, असं तू फोनवर सांगितलंस. तर्जुम्यात तेही मॅनहँडलच! विनयभंगाच्या इराद्याने, किंवा तसं होईल हे ठाऊक असून, केलेलं ते कृत्य असेल तर कलम ७४ लागतं: किमान एक, कमाल पाच वर्षं, आणि जामीन हक्काने मिळत नाही. एका ढिल्या क्रियापदाने तू तो मुद्दाच पुसलास.

जुन्या ठाणे अंमलदारांच्या फिर्यादी वाच. 'गचांडी धरून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, शिवीगाळ व दमदाटी केली.' रटाळ वाटतं, पण कुणाचा हात कुठे पडला ते कळतं. इंग्रजीतही तसंच लिही: गळा धरला, हात पिरगाळला, छातीवर हात ठेवून ढकललं.

आणि मूळ मराठी फिर्यादीतच पदराचा उल्लेख नसेल, तर तर्जुम्यात तो घुसडू नकोस. आधी वकीलसाहेबांना सांग. बाईंना पाथर्डी ठाण्यात नेऊन पुरवणी जबाब नोंदवून घ्या, आणि तोही त्यांच्याच शब्दांत.

तुझा,
काका